मळखाऊ आणि वाढत्या अंगाचा

जूनच्या तोंडावर शाळेचे कपडे घ्यायला निघालेल्या मराठी आईचे निकष दोनच असत. रंग मळखाऊ हवा आणि माप वाढत्या अंगाचं हवं. दुकानदाराने नेमक्या मापाचा शर्ट पुढे केला, तर ती त्याची घडीसुद्धा मोडू देत नसे. "एक नंबर मोठा दाखवा." मग पोर आरशासमोर उभं राही. बाहीतून बोटांची टोकं तेवढी बाहेर, खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, आणि आई चार पावलं मागे सरून म्हणे, "बघ, कसा छान बसलाय!" पांढऱ्या शर्टाला तिचा तात्त्विक विरोध असे, पण शाळेच्या नियमापुढे इलाज नसे. खाकी चड्डीवर मात्र तिचा मनापासून जीव. तिच्यावर डबक्यातला चिखल, डब्यातली भाजी आणि बाकावरची शाई सुखाने नांदत.

ट्रेंच कोट नावाची जी वस्तू आज परदेशी दुकानांच्या काचेआड ऐटीत उभी असते, तिचा जन्म याच दोन निकषांवर झालेला आहे. तिचा रुबाब पाहून हे कुणाला खरं वाटणार नाही. ज्या दुकानदारांनी ती विकायला काढली, त्यांची गिऱ्हाइकंही काही शाळकरी पोरं नव्हती.

पावसाशी इंग्रजांचं भांडण जुनं. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी अडवण्याचं पेटंट घेतलं. पाणी अडलं, पण घामही आतच अडला. शिवाय तो कोट उन्हात चिकट व्हायचा, थंडीत ताठ व्हायचा आणि वास सर्व ऋतूंत सारखाच द्यायचा. पुढे १८७९ मध्ये बेझिंगस्टोक गावच्या टॉमस बर्बेरी या कापडदुकानदाराने वेगळा विचार केला. विणलेल्या कापडावर थर चढवण्यापेक्षा सुतावरच आधी पाणी न धरण्याचा संस्कार करावा आणि मग ते तिरप्या विणीत घट्ट विणावं. हेच गॅबर्डीन. आपल्याकडेही एका पिढीने याच नावाच्या कापडाच्या पँटी लग्नकार्याला शिवल्या आणि नंतर पुढची पंधरा वर्षं त्या लोकांच्या लग्नात घातल्या.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या साध्या शिपायाला सरकारी लोकरी ग्रेटकोट मिळे. तो खंदकातलं पाणी आणि चिखल पिऊन दुप्पट जड होई. अधिकाऱ्यांना मात्र आपले कपडे आपल्या पैशाने शिवून घ्यायची मुभा होती, आणि बर्बेरी, ॲक्वास्क्यूटम यांच्यासारखे दुकानदार त्यांच्या सेवेला हजर होते. कोट आखूड केला, म्हणजे चिखलात लोळणार नाही. खांद्यावर पट्ट्या दिल्या, म्हणजे हुद्द्याची चिन्हं लावता येतील. छातीवर एक जादा पदर दिला, म्हणजे पाऊस आत झिरपणार नाही. मनगटाला आवळायच्या पट्ट्या, कमरेला पट्टा आणि पट्ट्यात पितळी कड्या. या कड्यांना हातबॉम्ब लटकवत असत, असं कोटाचे भक्त फार रंगवून सांगतात. मला ते पटत नाही. कमरेला बॉम्ब वाजवत खंदकातून सरपटणारा अधिकारी फार दिवस पगार घ्यायला उरला नसता. नकाशाची पिशवी किंवा असलंच काही अडकवत असतील.

आणि रंग? रंग आपल्या ओळखीचा. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेनने 'गाइड्स' नावाची पलटण उभी केली. लाल डगला घालून त्या उघड्या डोंगरांत फिरणं म्हणजे स्वतःहून निशाण होणं, म्हणून तिच्या शिपायांचे कपडे तिथल्या धुळीच्या रंगात रंगवले गेले. ही खाकी हळूहळू सगळ्या ब्रिटिश फौजेत पसरली आणि १९०२ मध्ये तिचा नेहमीचा गणवेश झाली. आज हजारो रुपयांत विकला जाणारा तो तलम मातकट रंग मुळात वायव्य सरहद्दीच्या धुळीत दिसेनासं होण्यासाठी होता. १९१४ च्या शरदात हिंदी पलटणी फ्रान्सला उतरल्या, तेव्हा त्यांच्याही अंगावर खाकीच होती, पण सुती. समोर फ्लॅण्डर्सचा हिवाळा होता. ट्रेंच कोट काही त्यांच्या वाट्याला आला नाही. तो साहेबाचा होता.

या साहेबाच्या अंगात आधीच जाड लोकरी डगला असे. त्यावरून घालायचा म्हणजे कोट ऐसपैस हवा. बाही रॅगलन पद्धतीची, थेट गळ्यापासून तिरपी निघणारी, म्हणजे खांद्याला शिवणच नाही आणि हात कसाही हलवा, काचत नाही. (लॉर्ड रॅगलन वॉटर्लूच्या लढाईत एक हात गमावून बसले होते, आणि ही बाही त्यांच्या सोयीसाठी निघाली असं सांगतात.) उरलेला घेर पट्ट्याने कमरेशी गोळा करायचा. थोडक्यात, एक नंबर मोठा. आपल्या आईलाही यात नाव ठेवायला जागा सापडली नसती.

मग या कामाच्या कोटाचा घात कुणी केला? सिनेमाने. १९४२ च्या 'कासाब्लांका'त हम्फ्री बोगार्ट ट्रेंच कोट घालून धुक्यात उभा राहिला आणि पावसात भिजणं ही पुरुषांची शैली झाली. तो सिनेमा कृष्णधवल आहे, म्हणजे ज्या रंगावर जग भाळलं तो रंग कुणी पाहिलाच नव्हता. १९६१ मध्ये 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज'च्या शेवटच्या पावसात ऑड्री हेपबर्नने तो घातला आणि बायकांचाही जीव त्यात अडकला. कमर मात्र तिची होती. जगाने कोट तेवढा घेतला.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात मी भाचीकडे लंडनजवळच्या रेडिंगला गेले होते. तिला नोकरीतली पहिली बढती मिळाली होती आणि आता आपल्याला 'खरा' ट्रेंच कोट हवा, असं तिने ठरवलं होतं. खरा म्हणजे मूळ कंपनीचा नव्हे. तो दीड हजार पौंडांच्या वर जातो, आणि त्या किमतीत पूर्वी माणसं बोहल्यावर चढत. आम्ही बेताच्या किमतीच्या एका दुकानात शिरलो. तिथे हारीने कोट टांगलेले, आणि रंगांची नावं हनी, स्टोन, सँड, कॅमल. मराठी बाईला रंग कळत नाहीत असं कुणी म्हणू नये. डाळिंबी आणि वांगी, मोरपंखी आणि रामा यांतला फरक ती गठ्ठ्याखालच्या तिसऱ्या साडीच्या काठावरून सांगते. पण इथे मीही गांगरले. भाचीने फोटो काढून पुण्याला तिच्या आईला पाठवले. ताईचं उत्तर लगेच आलं, "ही सगळी पिठंच की गं! एक गव्हाचं, एक ज्वारीचं आणि शेवटचं नाचणीचं."

ताईच्या बोलण्यात तथ्य होतं. हा रंग निवडला गेला तेव्हा त्याच्या वरच्या टोकाला चेहरा कसा दिसेल, हे कुणी पाहिलं नव्हतं. तरी तो गोऱ्या-गुलाबी चेहऱ्याखाली खुलतो, कारण चेहरा एक रंग आणि कोट दुसरा. आपल्या गव्हाळ चेहऱ्याखाली तोच रंग आला की फोटोत हनुवटी कुठे संपली आणि कॉलर कुठे सुरू झाली, याचा शोध घ्यावा लागतो. 'स्टोन'मध्ये राखाडी छटा असते. तो कोट घातल्यावर भाची चार दिवस तापातून उठल्यासारखी दिसायला लागली. 'हनी'त पिवळसर ऊब असते, तो त्यातल्या त्यात बरा. पण खरी परीक्षा कपडे बदलायच्या खोलीत होत नाही. तिथल्या दिव्यांत सगळेच सुंदर दिसतात, तो दिव्यांचा धंदाच आहे. कोट उचलून दुकानाच्या दारापाशी नेला. दारातली मुलगी जरा सावध झाली, पण आम्ही उजेडाला आलो होतो, पळायला नव्हे.

माझं मत गडद निळ्याला होतं, आणि त्यामागे शास्त्र होतं. मातीचा रंग मळखाऊ असतो हे खरं, पण मातीत. फ्लॅण्डर्सचा चिखल वाळला की त्या कोटात बेमालूम मिसळत असेल. लंडनच्या भुयारी रेल्वेत चिखल नाही. तिथे काळी काजळी आहे, खांबांना पुसलेले हजारो हात आहेत आणि शेजारच्याच्या हातात डुचमळणारी कॉफी आहे. तिथे पिठाच्या रंगाचा कोट आठवडाभरात बाहीच्या कडेला आणि कॉलरच्या आत सगळं सांगून टाकतो. जो रंग मळ लपवण्यासाठी निवडला, तोच आज सगळ्यांत आधी मळतो. आणि घरी बादलीत बुडवायची सोय नाही. ड्रायक्लीनिंगला द्यायचा आणि पावती सांभाळायची. आजच्या शहरात मळखाऊ म्हणाल तर गडद निळा. काळाही चालेल, पण काळ्यात बटणं, पट्ट्या, छातीवरचा पदर, सगळं बुडून जातं. मग एवढी शिलाई कुणासाठी? शिवाय काळा कोट म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर एक तर वकील येतो नाही तर टीसी.

"मावशी, पण तो निळा घेतला तर तो रेनकोट दिसतो," भाची म्हणाली.

"रेनकोटच आहे ना तो?"

यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने मी एकेकाळी तिच्या आजीकडे पाहत असे.

रेनकोट तरी कसला म्हणा! गॅबर्डीन पाणी अंगावर घेत नाही, पण लोंढा अडवत नाही. ते तिथल्या भुरभुरीसाठी आहे. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या सांताक्रूझला २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. त्या दिवशी कुणी ट्रेंच कोट घालून मिठी नदीकाठी उभा असता, तर खांद्यावरच्या पट्ट्या धरून त्याला बाहेर ओढता आलं असतं, तेवढाच उपयोग. त्यामुळे कुणी मुंबईसाठी हा कोट आणू नये. महाबळेश्वरला डिसेंबरात चालेल.

रंगावर आमचं एकमत होईना, तेव्हा मापाकडे वळलो, आणि इथे मात्र माझा अनुभव कामाला आला. भाची उंचीने आमच्या घराण्यातली, म्हणजे पाच फूट एक इंच. बाराच्या मापाचा कोट खांद्यात छान बसला, पण कमरेचा पट्टा कमरेच्या खाली, खिसे आणखी खाली आणि घेर पोटरीवर. विक्रेती म्हणाली, घेर आखूड करून मिळेल. पण घेर कापल्याने कमर वर सरकत नाही! त्याच बाराच्या मापात 'पेटीट' असा वेगळा कप्पा असतो, पाच फूट तीन इंचांच्या आतल्या बायकांसाठी. आमच्याकडच्या पुष्कळ जणी त्याकडे फिरकत नाहीत, कारण त्यांना वाटतं ते सडपातळ बायकांचं. ते फक्त बुटक्यांचं असतं, आणि तिथे पट्टा, खिसे, बाही सगळंच आपल्या उंचीला येतं.

मग मी तिला सगळं करायला लावलं. आतून जाड स्वेटर घाल. सगळी बटणं लाव. दोन्ही हात छातीवर कवटाळ. पाठीत ताणलं तर लहान. गाडीत वरची कडी धरल्यासारखा हात वर कर. खाली बस. बाही अंगठ्याच्या मुळाशी यायला हवी. लांब बाही आखूड करता येते, पण मनगटाची पट्टी आधीच तिथे शिवलेली असते, म्हणून फार कापता येत नाही. आणि खांदा, बाही रॅगलन नसेल तर, नशिबावर सोडायचा नाही. खांदा चुकला की शिंपी हात जोडतो. विक्रेती प्रत्येक हालचालीला "लव्हली" म्हणत होती. आधीच्या, न बसणाऱ्या कोटालाही ती तेच म्हणाली होती, म्हणून मी तिचं मत मोजणीत धरलं नाही.

साडीवरून हा कोट कसा बसतो, तेही मी पाहून घेतलं. लंडनच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जुन्या पिढीतल्या बायका साडीवरून कोट घालून यायच्या, खाली काठ दिसत असे आणि त्याखाली मोजे. त्या कोटांना पट्टा नसे, आणि का नसे ते मला तिथे आरशासमोर समजलं. निऱ्या आणि पट्टा एकाच कमरेवर हक्क सांगतात. पदर आत दाबला तर पाठीवर उंचवटा, बाहेर काढला तर पाऊस. साडी नेसणाऱ्यांनी बिनपट्ट्याचा घ्यावा.

शेवटी भाचीने 'हनी' घेतला. बारा, पेटीट, आतून स्वेटर मावेल इतका सैल. माप माझं आणि रंग तिचा, असा तह झाला. गळ्याशी एक डाळिंबी स्कार्फ मी माझ्या पैशाने जोडला, चेहरा कोटापासून वेगळा ओळखू यावा म्हणून. घरी आल्यावर पाठीमागच्या चिरेवरची फुली कापली. ही आडव्या-तिडव्या दोऱ्याची फुली नव्या कोटावर चीर जागेवर राहावी म्हणून घातलेली असते आणि ती आपण काढायची असते. रेडिंगच्या फलाटावर मी चांगल्या चांगल्या लोकांच्या पाठीवर ती तशीच पाहिली आहे. आपल्याकडे नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक जसं वर्षानुवर्षं राहतं, त्यातलाच प्रकार. पण एखाद्या अनोळखी साहेबाला थांबवून हे सांगण्याइतकं माझं इंग्रजी धीट नाही.

मग भाचीने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि कोट घालून गिरकी घेतली. पट्टा बक्कलात न अडकवता तिने पुढे सैल गाठ मारली होती. जाणकार तसंच करतात. बक्कल लावलं की कोट गणवेश दिसतो, गाठ मारली की सहज अंगावर टाकल्यासारखा वाटतो. ताईने चष्मा वर सरकवला आणि पडद्याजवळ आली.

"छान आहे. पण गाठ का मारलीस? बक्कल तुटकं आहे का? मग बदलून आणा, पैसे पूर्ण घेतलेत ना त्यांनी?"