गोळी का नाही घातली?

सूडाचा सिनेमा बघायला बसलं की माणसाचा न्यायाधीश होतो. प्रेमकथेत आपण उदार असतो, त्या दोघांचं जमलं काय आणि फिसकटलं काय, आपण पांघरूण घेऊन झोपतो. पण बाप मुलीच्या मृत्यूचा जाब विचारायला निघाला, की सोफ्यावरचा प्रत्येक जण पहिल्या वीस मिनिटांत शिक्षा ठरवून मोकळा होतो. मग पडद्यावर तीच शिक्षा झाली नाही, तर दिग्दर्शकाची खैर नाही.

स्टीव्हन सोडरबर्गच्या 'द लाइमी'बद्दल माणसांशी बोलून बघा, म्हणजे पटेल. सिनेमा १९९९चा. विल्सन हा लंडनचा पक्का गुन्हेगार, तुरुंगातून सुटलेला. त्याची मुलगी जेनी लॉस एंजेलिसमध्ये गाडीच्या अपघातात गेल्याचं कात्रण तिच्या एका मित्राने त्याला पाठवलंय. अपघातावर याचा विश्वास नाही. संशय आहे टेरी व्हॅलेंटाइनवर, म्हणजे ज्याच्याबरोबर जेनी राहत होती त्या गुळगुळीत, श्रीमंत संगीत-निर्मात्यावर. विल्सन झाला आहे टेरेन्स स्टॅम्प आणि व्हॅलेंटाइन पीटर फोंडा. गोष्ट एवढीच. ती एका दमात सांगता येते आणि नेमकं तेच दिग्दर्शकाने केलेलं नाही.

सिनेमा सरळ चालतच नाही. माणूस बोलतोय एका खोलीत आणि त्याच वाक्याचा उरलेला भाग येतो दुसऱ्याच जागी. विल्सन आणि जेनीची शिक्षिका इलेन यांचं एक संभाषण जागा बदलत राहतं, कपडे बदलतात, उजेड बदलतो, बोलणं मात्र अखंड. मधूनच विल्सन विमानात खिडकीशी बसलेला दिसतो. तो येतोय की परत चाललाय, हे कळायला वेळ लागतो. आम्ही हा सिनेमा एकत्र बघत होतो: मी, माझा भाचा, वहिनी आणि खालच्या मजल्यावरचे काका. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना जमा आधी आणि खर्च नंतर अशी सवय. ते दर पाच मिनिटांनी विचारत होते, "हे आधीचं की नंतरचं?" शेवटी भाचा वैतागून म्हणाला, "काका, त्याला आठवतंय हो! आठवण काय तारीखवार येते का?" काका गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे, चहा आला म्हणून.

भाच्याचं मत आधीच तयार होतं. तो लग्नाचे व्हिडिओ कापतो, जोडतो, त्यामुळे जगातला कुठलाही सिनेमा त्याच्या लेखी संकलनासाठीच काढलेला असतो. पण एका जागी त्याने दाखवलं ते मला मान्य करावं लागलं. गोदामात विल्सनला चोपून बाहेर फेकतात. तो उठतो, दुसरं पिस्तूल काढतो आणि परत आत जातो. कॅमेरा आत जात नाही. तो रस्त्यावरच थांबतो. आपण फक्त आवाज ऐकतो. एक पोरगा जीव घेऊन पळत सुटतो आणि त्याच्या मागोमाग रक्ताचे शिंतोडे उडालेला विल्सन बाहेर येऊन ओरडतो, की त्याला सांग, मी येतोय. एकही गोळी लागलेली आपण पाहत नाही, तरी आत काय झालं असेल याचा हिशेब प्रत्येक प्रेक्षक आपापल्या हिमतीप्रमाणे मांडतो. काकांनी तेव्हा पहिल्यांदा मान डोलावली. "हां, हे बरं झालं," असं ते म्हणाले. बँकेतला सज्जन माणूस, पण सूडाला कर्ज मंजूर करताना हात सैल.

वहिनींची तक्रार वेगळी आणि माझ्या मते सगळ्यांत रास्त. "जिच्यासाठी हे सगळं चाललंय, तिला धड बोलू तरी द्या की!" खरंच, जेनी बहुतेक तुकड्यांतच दिसते. बापाच्या आठवणीत, दुसऱ्यांच्या बोलण्यात, फोटोत. तिचा बाप तिला तसाच ओळखतो ना, तुरुंगाच्या आत-बाहेर करत, तुकड्यातुकड्यांत, असा बचाव करता येतो. मी तो केलाही. वहिनी म्हणाल्या, "तेच तर म्हणतेय मी." त्यानंतर मी बचाव आवरता घेतला.

स्टॅम्पवर मात्र दुमत नव्हतं. काकांना तो 'सुपरमॅन'मधला जनरल झॉड म्हणून आठवत होता. पण खरी गंमत त्याच्या तरुणपणाच्या दृश्यांत आहे. विल्सनला जुने दिवस आठवतात तेव्हा पडद्यावर येतो तो खराखुरा तरुण स्टॅम्प. केन लोचच्या १९६७ सालच्या 'पुअर काउ'मधली दृश्यं सोडरबर्गने उचलून इथे वापरली आहेत. तिथेही तो चोरच होता. रंगभूषा नाही, दुसरा नट नाही. तीस वर्षं एका कटमध्ये निघून जातात आणि साठीच्या त्या चेहऱ्याकडे बघताना आपलंही वय कुठे ठेवावं कळत नाही. समोरचा व्हॅलेंटाइनही त्याच काळाचा अवशेष. साठचं दशक खरं तर सहासष्ट आणि सदुसष्टची सुरुवात एवढंच होतं, असं तो तरुण मैत्रिणीला सांगतो. हे सांगणारा फोंडा म्हणजे 'ईझी रायडर'चा नायक. त्याला हे सांगायचा अधिकार आहे.

आता शेवट. सिनेमा इतका जुना झालाय की सांगितल्याचं पाप लागू नये. बिग सरच्या किनाऱ्यावर व्हॅलेंटाइन पाय मोडून पडलेला, विल्सनच्या पूर्ण ताब्यात. तो सांगतो, जेनी पोलिसांना फोन करायला निघाली होती, झटापटीत गेली. आणि विल्सनला आठवतं की लहानपणी ती त्यालाही हीच धमकी द्यायची. फोन हातात घेऊन उभी राहायची, पण करायची नाही, कारण तिला बाप हवा असायचा. जी धमकी मुलगी बापाला द्यायची, तीच तिला नडली. विल्सन वळतो आणि निघून जातो.

काका उठून बसले. "गोळी का नाही घातली? मग एवढा आला कशाला?" त्यांची स्वतःची मुलगी परदेशात असते, म्हणून त्यांच्या रागाला कुणी हसलं नाही. भाचा म्हणाला, हाच तर सिनेमा आहे. वहिनी म्हणाल्या, गोळी घालायची तर बापाने आधी आरशात बघायला हवं. बाराच्या पुढे वाद चालला.

प्रेक्षकांनी असं भांडावं याचा मला अजिबात खेद नाही, कारण या सिनेमाशी सर्वांत जोरात भांडलेला माणूस त्याचा पटकथालेखकच आहे. डीव्हीडीवर लेम डॉब्ज आणि सोडरबर्ग यांची एकत्र टिप्पणी आहे. तिच्यात लेखक दिग्दर्शकाला तोंडावर ऐकवतो, की माझं काय काय कापलंस, पात्रांचा पूर्वेतिहास कुठे घालवलास. दिग्दर्शक ऐकून घेतो, उलट उत्तरही देतो. सौजन्याचं नाव नाही, पण चर्चा अव्वल.

माझ्या मते काका चूक, वहिनी अर्ध्या बरोबर आणि विल्सनने व्हॅलेंटाइनला सोडलं ते योग्यच केलं. तुम्हाला पटत नसेल तर सिनेमा बघा, दीड तासाचासुद्धा नाही. आणि शिव्या घालायच्याच असतील तर आधी डॉब्जच्या ऐका, त्याहून नेमक्या तुम्हाला सुचायच्या नाहीत.