अंगण खरंच वाकडं असतं

नाचता येईना त्याचं अंगण वाकडं, असं म्हणून आपण माणसाला निकालात काढतो. अंगण मोजून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र हे कष्ट आनंदाने घेणारी एक जमात आहे. वसंतातल्या शनिवारी पहाटे साडेचारला उठायचं, ट्रकमागे चकाकती बोट जोडायची, दिवसभर तळ्यावर बास नावाच्या माशाच्या मागे हिंडायचं, संध्याकाळी रिकाम्या हाताने परतायचं आणि अंगण कोणत्या दिशेला, किती आणि कशामुळे वाकडं होतं ते आकड्यांसकट सांगायचं, हा त्यांचा कुळाचार. मी त्यांना बासबहाद्दर म्हणतो.

अलाबामातल्या हन्ट्सव्हिलमध्ये राहणाऱ्याला बासबहाद्दर टाळता येत नाही. चंद्रावर माणूस नेणारं सॅटर्न-५ रॉकेट या गावात आकाराला आलं. त्यामुळे इथे रॉकेटवाले पुष्कळ, आणि त्यांच्यात अधूनमधून एखादा जोशी-कुलकर्णीही सापडतो. गावाजवळच गंटर्सव्हिलचं तळं आहे. टेनेसी नदीवर १९३९ साली धरण पुरं झालं आणि सुमारे ६९,००० एकरांवर पाणी पसरलं. अलाबामातलं हे सर्वांत मोठं तळं. त्यात हायड्रिला आणि मिलफॉइल माजलं, त्या गवतात बास माजले आणि बासच्या जिवावर बासबहाद्दर माजले. आमच्या शेजारी राहतो तो त्यांतला अस्सल नमुना. सोमवार ते शुक्रवार ज्याची गणितं लाखो मैलांवरच्या यानाला वाट चुकू देत नाहीत, त्याला शनिवारी चार फूट पाण्यातला मासा सापडत नाही. हे मी एकदा बोलून दाखवलं तर शांतपणे म्हणाला, "यानाला मूड नसतो."

उन्हाळा, पानगळ आणि हिवाळ्यात हा चारचौघांसारखा संसारी माणूस. पण डॉगवुडची झाडं पांढरी व्हायला लागली की तो हवेत हुंगायला लागतो. पाण्याचं तापमान फॅरनहाइटच्या साठीत शिरलं की बास अंडी घालायला उथळ पाण्यात येतो. नर शेपटीने तळ झाडून घरटं करतो. मादी त्याच्याहून मोठी. ती येते, अंडी घालते आणि चालू लागते. मग अंड्यांवर आणि पुढे पिल्लांवर पहारा करत बसतो तो नर. ही पितृभक्तीला लायक कथा सांगताना बासबहाद्दराला गहिवरून येतं. स्वतःची पोरं शनिवारी कोण सांभाळतं, हा प्रश्न त्या क्षणी विचारू नये.

थोडक्यात, वर्षातले सर्वांत मोठे मासे, सर्वांत कमी पाण्यात, काठाजवळ आणि चिडलेले. याहून सोपं ते काय? पण अलाबामाचं हवामान पंचांग पाहून वागत नाही. इकडे वसंतात परतून येणाऱ्या थंडीला फुलांची नावं आहेत. डॉगवुड फुलताना येते ती डॉगवुड विंटर, ब्लॅकबेरी फुलताना येते ती ब्लॅकबेरी विंटर. थंडी परत येणार हे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना ठाऊक आहे. ती नेमकी शुक्रवारी रात्री येते, हे बासबहाद्दराचं स्वतंत्र संशोधन.

त्याचं म्हणणं खोटं नसतं, ही खरी अडचण आहे. कोल्ड फ्रंट येण्याआधी हवेचा दाब उतरतो, आभाळ भरतं, दक्षिणेचा उबदार वारा सुटतो आणि मासे खा-खा करतात. तेव्हा शुक्रवारची दुपार असते आणि बासबहाद्दर मीटिंगमध्ये असतो. रात्री फ्रंट निघून जातो. शनिवारी सकाळी आभाळ निळंशार, ऊन लख्ख, दाब चढलेला, वारा उत्तरेचा. बायकामुलांना वाटतं, काय सुंदर दिवस! बासबहाद्दराला तो सुतकी वाटतो. पाणी एका रात्रीत पाच-सहा अंशांनी उतरलेलं असतं आणि बास गवताच्या बुडाशी तोंड मिटून पडलेला असतो.

सामान्य माणसाला एक कारण पुरतं. हा कारणांची प्रतवारी लावतो. पाऊस झाला असेल तर पाणी गढूळ. झाला नसेल तर पाणी इतकं नितळ की माशाला आपल्या टोपीवरचं नाव वाचता येतं. वीज तयार करायला धरणातून पाणी सोडलं की तळ्यात प्रवाह चालू होतो आणि त्या प्रवाहात बास भक्ष्यासाठी दबा धरून बसतो. सोडणं थांबलं की तोही सुस्तावतो. म्हणजे प्रवाह नाही, हे तिसरं. काल इथे स्पर्धा होती, त्यामुळे मासे शिकून शहाणे झाले, हे चौथं. वारा पूर्वेचा, हे पाचवं. पूर्वेचा वारा माशाला का मानवत नाही हे कोणी सांगत नाही, पण मानवत नाही यावर दक्षिणेत एकमत आहे. आणि सगळं सुरळीत असूनही मासा लागला नाही, तर बोटीत कोणीतरी केळं आणलेलं असतं. बोटीत केळं म्हणजे अपशकुन. चढण्यापूर्वी पाहुण्याची पिशवी तपासली जाते. शनिवारचा उपास करणाऱ्या मराठी माणसाने या बोटीत पाऊल ठेवू नये.

त्याच्या गॅरेजमध्ये आमिषं रुखवतासारखी मांडलेली असतात. क्रँकबेट, स्पिनरबेट, जिग, आणि भिंतभर प्लॅस्टिकची गांडुळं. अक्रनच्या निक क्रीमने १९४९ साली प्लॅस्टिकचं गांडूळ तयार केलं तेव्हा त्यालाही कल्पना नसेल, की पुढे त्याचे इतके रंग होतील आणि त्यांना ग्रीन पम्पकिन, वॉटरमेलन अशी भाजीबाजारातली नावं पडतील. गंटर्सव्हिलच्या याच पाण्यावर २०११ साली पॉल इलायस या खेळाडूने अलाबामा रिग वापरून स्पर्धा जिंकली. छत्रीच्या काड्यांसारख्या तारा आणि त्यांवर एकाच वेळी पाच आमिषं. एका गळाला जो नाही म्हणतो तो पाच गळांना नाही म्हणू शकत नाही, असा त्यामागचा विचार. बास म्हणू शकतो. मी पाहिलं आहे. पण सर्वांत थोर वस्तू म्हणजे लसणाच्या वासाचा फवारा. गांडुळावर तो मारला की मासा ते जास्त वेळ तोंडात धरतो म्हणे. आमच्याकडे मासा मिळाल्यावर लसूण लागतो. इथे मिळण्याची आशा असतानाच लावतात.

मार्चअखेरच्या अशाच एका निळ्याशार शनिवारी मी त्याच्या बोटीत होतो. बोटीला अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन. ताशी साठ-सत्तर मैलांनी, डोळ्यांतून पाणी काढत, कान बधिर करत आम्ही त्याच्या 'खात्रीच्या' खाडीत पोचलो. घाई एवढी, की मासे गाडी पकडून निघायच्या बेतात आहेत असं वाटावं. तिथे त्याने मोठं इंजिन बंद केलं, पायाने चालवायची छोटी विजेची मोटर पाण्यात सोडली आणि पुढचे पाच तास आम्ही चालत्या माणसापेक्षा सावकाश सरकत होतो.

समोर सोनारचा पडदा. पूर्वी मासा लागला नाही तर तिथे मासाच नव्हता, असं म्हणायची सोय होती. आता पडद्यावर मासा दिसतो, आपलं गांडूळ दिसतं, मासा गांडुळाजवळ येतो, थांबतो आणि तोंड फिरवून निघून जातो, हेही दिसतं. विज्ञानाने नकाराचं थेट प्रक्षेपण सुरू केलं आहे.

बासबहाद्दराने तंगूस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हलकेच धरला होता. बोटांची टोकं थंडीने पांढरी पडली होती, पण हातमोजा घालायचा नाही, कारण मग चाहूल कळत नाही. अचानक त्याने श्वास रोखला.

"लागला?" मी विचारलं.

"नाही. उचललं आणि ठेवलं."

"ओढलं नाहीस का मग?"

"दाब किती चढलाय पाहतोस ना? अशा दिवशी तो खात नाही, नुसता चाखतो."

दुपारी दोनच्या सुमाराला त्याच्या गळाला एक वीतभर बास लागला. आता याच्या चेहऱ्यावर हसू फुटेल म्हणून मी पाहिलं, तर त्यावर संशय होता. माशाचा खालचा ओठ धरून त्याने त्याला उलटसुलट न्याहाळलं आणि पाण्यात सोडत म्हणाला, "याला आजच्या कंडिशन्स कळलेल्या दिसत नाहीत."

हा सगळा पंथच मुळी एका फसलेल्या दिवसातून जन्माला आला. १९६७ च्या मार्च महिन्यात अलाबामाच्याच मॉन्टगोमेरीतला रे स्कॉट नावाचा विमा एजंट मिसिसिपीत मासे पकडायला गेला होता. वादळी पावसाने त्याला तळ्यावरून हुसकलं. मोटेलच्या खोलीत टीव्हीवर बास्केटबॉल पाहता पाहता त्याच्या डोक्यात आलं, की याच थाटात बास पकडण्याच्या स्पर्धा का भरवू नयेत? त्याच वर्षी अर्कान्सातल्या बीव्हर तळ्यावर त्याने पहिली मोठी स्पर्धा भरवली. त्या दिवशी ऊन पडलं असतं आणि स्कॉटला दोन-चार मासे लागले असते, तर तो गुमान घरी जाऊन पॉलिसी विकत बसला असता. आमचा शेजारी ही कथा सत्यनारायणाच्या श्रद्धेने सांगतो. वाईट हवामानातून काय उभं राहू शकतं, याचा तो पुरावा आहे.

पकडलेला बास जिवंत सोडून द्यायचा, हा रिवाजही १९७२ पासून स्कॉटनेच स्पर्धांत रुजवला. माझ्या सासूबाई मालवणहून आल्या होत्या, तेव्हा शेजाऱ्याने त्यांना फोनवर एक फोटो दाखवला. हातात चांगला पाच पौंडी बास. सासूबाईंचे डोळे चमकले. पुढे त्याचं काय केलं, असं त्यांनी मला विचारायला सांगितलं. सोडला, असं उत्तर आलं. का? तर पुढच्या वर्षी पुन्हा पकडता यावा म्हणून. सासूबाईंनी थोडा विचार केला आणि निवाडा दिला, "मासो खाणा नाय, माशाचो जीव खाता."

त्यांचं समाधान करायला मी जॉर्ज पेरीचं नाव काढलं. या गड्याने २ जून १९३२ रोजी जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा बास पकडला, त्याचं वजन करून घेतलं आणि घरी नेऊन कुटुंबासह खाल्ला. "शाणो माणूस," सासूबाई म्हणाल्या. २००९ साली जपानच्या बिवा तळ्यावर मानाबू कुरिताने जवळपास एक औंस जास्त भरलेला बास पकडला. पण जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून आज दोघं बरोबरीत आहेत. म्हणजे जगातला अर्धा विक्रम तळून संपला. शेजाऱ्याला हे ऐकताना डोळे मिटावे लागतात. मात्र त्याची उत्सुकता वेगळीच आहे. त्या दिवशी वारा कुठला होता, हे पेरीने लिहून ठेवायला हवं होतं, असं तो म्हणतो.

शेजाऱ्याच्या बायकोने या शनिवारांवर आपला उपाय शोधला आहे. तळ्याकाठच्या स्कॉट्सबरो गावात विमानप्रवासात हरवलेल्या, कोणीही न्यायला न आलेल्या बॅगांतल्या वस्तू विकणारं मोठं दुकान १९७० पासून चालू आहे. तो बोट पाण्यात सोडतो तेव्हा ती तिकडे जाते. रिकाम्या हाताने ती एकदाही परतलेली नाही, आणि वाऱ्याबद्दल तिची कसलीच तक्रार नसते.

एप्रिलच्या मध्यावर एका गुरुवारी सगळं जुळून आलं. आभाळ किंचित ढगाळ, दक्षिणेचा मंद वारा, पाणी चौसष्ट अंश, धरणातून प्रवाह चालू. बासबहाद्दर रजा टाकून पळाला. त्या दिवशी तळ्यावर सगळ्यांनाच मासे लागले. धक्क्यावर पाय सोडून बसलेल्या, खरं गांडूळ लावलेल्या शाळकरी पोरांनाही लागले. संध्याकाळी तो अंगणात बोट धूत होता. किती मिळाले, म्हणून मी विचारलं. "बरेच," तो म्हणाला आणि पुन्हा पाण्याचा पाइप धरून उभा राहिला. ना पडद्यावरचे आकडे, ना दाबाचा आलेख. एरवी तासभर चालणारं व्याख्यान एका शब्दात आटोपलं. नीट जेवलाही नाही, असं त्याच्या बायकोने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर स्वारी शीळ घालत बोटीच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावत होती.

"उद्या फ्रंट येतोय म्हणे," मी म्हणालो.

"येतोय ना!" त्याचा चेहरा उजळला. "उत्तरेचा वारा, वर पाऊस. पाणी पार गढूळ होणार."

"मग कशाला जातोस? काल एवढे मिळाले की."

"काल मिळाले," तो म्हणाला. "उद्या पकडायचेत."

शनिवारी संध्याकाळी तो सात घेऊन परतला. मासे नव्हेत, कारणं. पण एकूण एक मापात बसणारी.