डोंगराला पाटी हवी

मुंबईकर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तिकीट काढून डोंगर चढतात. सुमारे 104 चौरस किलोमीटर जंगल, आत बिबटे, कान्हेरीची शंभरावर लेणी आणि कुंपणाला टेकलेले टॉवर. इकडे गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावात बालाघाटाचे डोंगर फुकट. पण शेळ्यांमागे दिवसभर उन्हात फिरणाऱ्याला कुणी ट्रेकर म्हणत नाही. काठी असते त्याच्याकडे, पण घडीची नसते ना! रेणुकादेवीच्या दर्शनाला आलेले पाहुणे हल्ली विचारतात, “इथं बघण्यासारखं काय हाय?” डोंगराकडे बोट दाखवलं की म्हणतात, “ते दिसलं हो, पॉइंट कुठंय?” तेव्हा एक कठडा बांधा, सेल्फी पॉइंटाची पाटी ठोका, शेजारी कणसं भाजणारा बसवा. शेळ्यांना अर्धं तिकीट.