आडव्या आलेल्या श्वानास अनावृत पत्र

श्रीमान श्वानमहाशय यांस,
मुक्काम : शिरूर व दौंड तालुक्यांतील यच्चयावत रस्ते, जिल्हा पुणे.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपला आणि माझा प्रत्यक्ष परिचय नाही. परंतु मोटारविम्याच्या नुकसानभरपाईचे अर्ज ज्यांच्या नजरेखालून जातात अशा मंडळींच्या बैठकीत ज्याचे नाव निघाल्यावाचून चहाचा दुसरा पेला येत नाही, आणि ज्याची जबानी आजवर कोणत्याही ठाणे अंमलदाराने नोंदविलेली नाही, अशा या एकमेव आरोपीशी पत्रव्यवहार करण्याचा मोह अनावर झाल्यामुळे ही लेखणी उचलली आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपासून घोडनदीच्या पुलापर्यंत, न्हावऱ्याहून पारगावमार्गे चौफुल्यापर्यंत, आणि यवतपासून पाटस-कुरकुंभापर्यंत जी जी चारचाकी झाडास, दुभाजकास वा मैलाच्या दगडास भिडते, तिच्या अर्जातील ‘अपघाताची हकीकत’ या रकान्यात बहुधा एकच मजकूर आढळतो : कुत्रे आडवे आले, त्यास वाचविण्याच्या प्रयत्नात गाडीवरील ताबा सुटला. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आमच्याच मुलखातले. त्यांचे वारस असलेले आमचे मोटारमालक मात्र कुत्र्यामागे धावण्याची तसदी घेत नाहीत, ते अर्जाच्या कागदावर कुत्र्यालाच स्वतःपुढे धावावयास लावतात.

आपली ही नेमणूक कोणी केली हे ज्ञात नसले, तरी ज्या कोणी केली तो कायद्याचा चांगला जाणकार असला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ असे सांगते की, अपघातात कोणी मनुष्य जखमी झाला अथवा तिऱ्हाइताच्या मालमत्तेस इजा पोहोचली, तर चालकाने जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि काही झाले तरी २४ तासांच्या आत, वर्दी द्यावी, व विमा कंपनीसही लेखी कळवावे. आता आपण मनुष्य नाही हे उघड आहे, आणि बेवारस असल्यामुळे आपण कोणाची मालमत्ताही नाही. त्यामुळे आपणांस चुकविताना गाडी स्वतःच चेपली तर ठाण्याची पायरी चढण्याचे कारण उरत नाही, आणि तिऱ्हाइताचा संबंध नसलेल्या अशा दाव्यात कंपन्याही बहुधा पोलिसांच्या कागदाचा आग्रह धरीत नाहीत. इंग्लंडात जन्मता तर आपणांस ही नोकरी लाभली नसती. तेथील कायदाही योगायोगाने १९८८ चाच. परंतु ज्यांना इजा झाल्यास चालकाने थांबलेच पाहिजे, आणि तेथे नावपत्ता न दिल्यास पोलिसांना खबर दिलीच पाहिजे, अशा प्राण्यांच्या यादीत घोडा, गुरे, गाढव, खेचर, मेंढी, डुक्कर व शेळी यांच्या पंक्तीस कुत्राही बसविलेला आहे. (मांजरास मात्र वगळले आहे, त्याचा खुलासा इंग्रजांनाच ठाऊक.) आमच्याकडे २०२० साली मुंबईत खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्या एका तरुणाच्या दुचाकीखाली आपला एक बांधव सापडला, तेव्हा पोलिसांनी उत्साहाच्या भरात मनुष्यास धोका पोहोचविल्याची कलमे लावली, मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द करून, कुत्रा हा मनुष्य नव्हे असा निर्वाळा दिला, आणि शासनास २०,००० रुपयांचा खर्च भरावयास लावला. ज्या प्रश्नाचा निकाल कोणत्याही ओसरीवर फुकट लागला असता, त्यास एवढी रक्कम पडावी, हे आपल्या प्रतिष्ठेस साजेसेच झाले.

परंतु महाशय, रकान्यात आपण येण्यापूर्वी रस्त्यावर कोण आलेले असते, हे आपणांस कोणी सांगितले आहे काय? गळीत हंगामातील रात्र असते. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोहों बाजूंस हातभर बाहेर आलेला, मागे ना दिवा ना लाल पट्टी. त्या ट्रॉल्यांस चुकविण्याच्या नादात मोटार उजवीकडे जाते आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस, किंवा बैलगाडीशेजारून चालणाऱ्या ऊसतोड मजुरास, उडविते. पाच मिनिटांत गर्दी जमते, आणि त्या गर्दीतून एक पांढऱ्या कपड्यांतील गृहस्थ पुढे होतात. हे गृहस्थ कोणत्याही गावचे असोत, त्यांचे वाक्य एकच असते : ‘पोलिसांत गेला तर दोघांच्याही चकरा व्हतील, हितंच मिटवून टाका.’ मग ठाणे नक्की कोणते, याचा ऊहापोह होतो. भीमेच्या पुलाजवळ घटना घडलेली असेल, तर शिरूरची हद्द संपून यवतची कोठे लागते, यावर जमलेल्यांत दोन पक्ष पडतात. फिर्याद कोणत्याही ठाण्यात घेतली गेलीच पाहिजे अशी सोय फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या संहितेने करून ठेवलेली आहे, हे सांगणारा तिसरा पक्ष तेथे कधीच हजर नसतो. शेवटी काही नोटा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात, लंगडणाऱ्यास कोणाच्या तरी जीपमध्ये घालून दवाखान्यात धाडले जाते, आणि मोटार गॅरेजला लागते. तेथे अर्जाचा कागद पुढे येताच आपले स्मरण होते.

या व्यवहारातील मौज अशी की, पुष्कळदा आपली गरजच नसते. गाडीचा सर्वंकष विमा हा मालकाच्या हलगर्जीपणालाही भरपाई देतो. चालक परवानाधारक असला, शुद्धीवर असला, आणि पॉलिसीच्या शर्ती मोडलेल्या नसल्या, तर ‘माझीच चूक झाली, दुचाकीस धडक बसली’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचा बंपरही कंपनी बदलून देते. जे ती देत नाही, ते खोट्या हकीकतीला. शिवाय त्याच पॉलिसीत एक शर्त असते, जी वाचलेला मोटारमालक मला अद्याप भेटावयाचा आहे : कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमेदाराने चुकीची कबुली, देकार, वचन अथवा रक्कम कोणासही देऊ नये. म्हणजे ज्या क्षणी पांढऱ्या कपड्यांच्या साक्षीने नोटा मोजल्या गेल्या, त्याच क्षणी ती शर्त भंगली. आणि हा भंग झाकण्यासाठी आपणांस रात्री-अपरात्री कामावर बोलाविले गेले. उलट, पोलिसांना खबर वेळीच दिलेली असेल तर न्यायालये कंपनीस कळविण्यातील उशिराकडे उदारपणे पाहतात. चोरीस गेलेल्या एका ट्रॅक्टरच्या खटल्यात, फिर्याद त्याच दिवशी दाखल झालेली होती म्हणून, कंपनीस कळविण्यात झालेला ५२ दिवसांचा विलंब सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली क्षम्य ठरविला. आणि केवळ उशिराच्या सबबीवर सच्चे दावे फेटाळू नयेत, असे विमा नियामकाने सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांना बजावलेले आहे.

आपल्या अंगच्या एका अलौकिक शक्तीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. पाच वर्षे दावा न करणाऱ्यास हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. ती जपण्यासाठी मालक बाजारातला ओरखडा, लग्नातली धडक आणि गोठ्याच्या खांबाची खूण वर्षानुवर्षे मुक्याने अंगावर वागवितो, आणि अखेर एके दिवशी मोठा चेप आला की सर्वांचा हिशेब आपल्या नावे घालतो. त्यामुळे अर्जानुसार आपण समोरून आडवे येता; परंतु दाराचा पत्रा डावीकडून, मडगार्ड उजवीकडून आणि डिकी मागून चेपलेली असते. ही मोटारीस घातलेली प्रदक्षिणा आहे की काय, असा प्रश्न सर्व्हेअरास पडतो. तो बिचारा टेप लावून पाहतो, तो आपली उंची गुडघ्याइतकी आणि चेप कमरेइतका. जाळीत उसाचे पाचट, आणि दारावर कोण्या ट्रॉलीचा हिरवा रंग. प्रत्येक चेप निराळा अपघात मानून, लहान गाडीस दर खेपेची १००० रुपयांची सक्तीची वजावट लावून, आणि रबर-प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापून जी रक्कम उरते, ती पाहून मालक कंपनीस लुटारू म्हणतो. आपणांस मात्र कोणी दोष देत नाही, एवढे खरे.

राहता राहिला तो लंगडणारा इसम. त्याचे नाव अर्जात नाही, गॅरेजच्या बिलात नाही, ठाण्याच्या रोजनाम्यात तर नाहीच. ज्या विम्याची सक्ती कायद्याने १९४६ पासून प्रत्येक मोटारीवर केली, ती मुळी त्याच्याकरिता होती, चकचकीत बंपराकरिता नव्हे. अपघात न्यायाधिकरणाकडे दावा करून त्यास उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, कायमचे अपंगत्व, या सर्वांची भरपाई मागता आली असती. परंतु १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, आणि तो तर हंगाम संपताच टोळीबरोबर बीडकडे निघून गेलेला असतो. वाहन पळून गेले असते व सापडलेच नसते, तरी गंभीर दुखापतीस ५०,००० आणि मृत्यूस २ लाख रुपये देण्याची सरकारी योजना आहे; तीही पोलिसांच्या नोंदीवर उभी असते. म्हणजे मोटार ठोकून पळून गेली असती तर जे त्यास मिळाले असते, तेही ‘मिटविणाऱ्या’ सज्जनांच्या कृपेने हुकले. या सौद्यात स्वस्त कोणी घेतले आणि महाग कोणी विकले, हे कळावयास पाय ठणकू लागावा लागतो.

आपल्या नोकरीस आता धोका आहे, अशी बातमी कानी येते. मोटारींच्या काचांवर कॅमेरे बसू लागले आहेत, टोलनाक्यावर गाडीचे मुख टिपले जाते, आणि पाटसला नाका ओलांडताना शाबूत असलेली डिकी कुरकुंभास आपण कशी चेपली, याचा जाब उद्या विचारला जाईल. आपल्या जागी कोणास नेमावे, याची काही अर्जदारांत चाचपणी सुरू झाल्याचेही समजते. रानडुकराचे नाव पुढे आले. परंतु त्याच्या धडकेने होणारे नुकसान फार मोठे दिसावे लागते. शिरूरच्या उसात बिबट्या हमखास असतो, आणि त्याच्या आडवे येण्यावर कोणीही विश्वास ठेवील. पण तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील असामी, त्याचे नाव लिहिले की वनखात्याचे लोक पंचनाम्यास येणार, ठसे पाहणार, आणि रात्री गाडीत कोण कोण होते तेही विचारणार. तेव्हा तूर्त आपली जागा कायम आहे. येत्या हंगामातही हजर राहावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रस्त्याच्या कडेने चालणारा एक इसम