टाकीचं पथ्यपाणी

(स्थळ : पुण्यातल्या साठ बिऱ्हाडांच्या सोसायटीचं पार्किंग. पाण्याची एक काळी प्लास्टिकची टाकी, तिच्यात थोडी लहान दुसरी टाकी पालथी घातलेली. वेळ : वामकुक्षी मोडल्यानंतरची.)

पेन्शनर : आमच्या स्कूटरच्या जागेवर हे धूड कुणाला विचारून ठेवलं?

संशोधक : स्कूटर तुम्ही दहा वर्षांपूर्वी विकलीत, काका.

पेन्शनर : स्कूटर विकली. जागा नाही विकली. आहे काय हे?

संशोधक : बायोगॅस. सोसायटीच्या ओल्या कचऱ्यावर चालतो.

पेन्शनर : म्हणजे गोबर गॅस. आणि गाय कुठे बांधणार? पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये?

संशोधक : गाय लागत नाही. सुरुवातीला विरजणापुरतं शेण घातलं, झालं. पुढे शिळा भात, पोळीचे तुकडे, काळी पडलेली केळी.

पेन्शनर : काहीतरीच! आमच्या मामांकडे पाट्यांनी शेण लागायचं.

संशोधक : गाईनं चाऱ्यातलं सत्त्व पचवून उरलं ते शेण. जिवाणूंना तेच द्यायचं म्हणजे रस आपण पिऊन पाहुण्याला चिपाड दिल्यासारखं. त्यापेक्षा थेट पिष्ट नि साखर दिली तर? २००३च्या सुमारास आपल्या पुण्यातल्याच आरतीनं हे करून दाखवलं.

पेन्शनर : कुणाची आरती?

संशोधक : संस्था आहे हो. अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, त्याची आद्याक्षरं. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांचं हे काम. ज्या गॅसला ४० किलो शेण नि ४० दिवस लागतात, तेवढाच २ किलो पिष्टमय खाद्यातून दिवसभरात मिळतो, असा त्यांचा हिशेब. २००६ साली लंडनचं अ‍ॅशडेन पारितोषिकही मिळालं.

पेन्शनर : लंडनचं राहू दे. कर्वे म्हणजे कुठले?

संशोधक : महर्षी कर्व्यांचे नातू. इरावतीबाईंचे चिरंजीव.

पेन्शनर : मग हे आधी नाही का सांगायचं! उगाच जिवाणूंपासून सुरुवात केलीस. (खुर्ची ओढून बसतात. पुण्यात शोधाआधी घराणं तपासतात.) हं, बोल.

संशोधक : घरटी अर्धा किलो ओला कचरा, साठ घरांचा तीस. त्यात बरंचसं पाणीच, म्हणून किलोमागे १०० लिटर गॅस धरू. दिवसाला ३ घनमीटर. एका घनमीटरची आच साधारण ४५० ग्रॅम एलपीजीइतकी.

पेन्शनर : थांब. आयुष्य अकाउंट्समध्ये काढलंय. (पाकिटावर आकडे मांडतात.) दिवसाला १ किलो ३५० ग्रॅम. सिलिंडर १४.२ किलोचं, म्हणजे साडेदहा दिवसांना एक. बिऱ्हाडं साठ. अगं, माझा नंबर ६३० दिवसांनी लागणार! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे सांगतेस मला?

संशोधक : तुमच्याकडे यायचाच नाहीये तो. दाब कमी असतो, चौथ्या मजल्यापर्यंत पाइप कोण नेणार? वॉचमनच्या खोलीत शेगडी जोडलीय. बर्नरचं छिद्र तेवढं मोठं केलं.

पेन्शनर : म्हणजे कचरा माझा, जागा माझी आणि चहा वॉचमनचा.

संशोधक : आणि तीस किलो घाण ट्रकमध्ये चढत नाही. डेपोत ढिगाखाली कुजूनही मिथेनच होतो, पण तो हवेत सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसेक पट तापवतो.

पेन्शनर : बरं, बरं. वास?

संशोधक : पथ्य पाळलं तर नाही. लिंबाची सालं नकोत, अंड्याची टरफलं नकोत, हाडं नकोत. आणि एकदम फार कोंबायचं नाही. आम्ल करणारे जिवाणू चपळ, मिथेन करणारे संथ. जास्त झालं की आम्ल साठतं नि गॅस बंद.

पेन्शनर : अ‍ॅसिडिटी!

संशोधक : तीच. मग दोन-चार दिवस लंघन, थोडा चुना.

पेन्शनर : थंडीत?

संशोधक : मंदावते.

पेन्शनर : सगळं माझंच दुखणं की हिला! फक्त मला भात बंद, केळं बंद, साखर बंद. (आवाज खाली आणत) परवाचं श्रीखंड फ्रिजमधून गेलं. ही म्हणते, टाकलं. कुठे, ते सांगत नाही.

संशोधक : काकू सकाळी इथेच घालून गेल्या.

पेन्शनर : किती होतं?

संशोधक : अर्धा किलो.

पेन्शनर : (बराच वेळ टाकीकडे बघतात.) पचलं?

संशोधक : बघा ना, वरची टाकी सकाळपासून वीतभर वर आलीय.

पेन्शनर : माझी शुगरही एवढीच वर गेली असती.

(वॉचमनच्या खोलीत निळी ज्योत. चहा उकळला. पेन्शनरांनी बिनसाखरेचा घेतला.)