पाचअंशे

रडार शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात एक पाचअंशे असतो. हे त्याचं खरं आडनाव नव्हे, वर्गाने ठेवलेलं. माणूस हुशार, सज्जन आणि कमालीचा भिडस्त. सिम्युलेटरच्या अंधाऱ्या खोलीत धक्का लागला तर खुर्चीलाही ‘सॉरी’ म्हणेल.

प्लॉटिंगमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही. पेन्सिलीला टोक असं की कागद धास्तावावा. समोरच्या जहाजाचा ठिपका तो दर सहा मिनिटांनी मांडतो. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, त्यामुळे सरकलेल्या अंतराला दहाने गुणलं की सापेक्ष वेग हातात. आर्पा हे रडारला जोडलेलं यंत्र हे सगळं आपोआप काढून देतं, तरी हा हाताने ताडून बघतो, तेही मशीनला वाईट वाटू नये अशा बेताने. समोरच्या जहाजाचं बेअरिंग, म्हणजे दिशा, बदलत नाही आणि अंतर मात्र घटतंय, म्हणजे टक्कर ठरलेली, हे त्याला झोपेतही ठाऊक. घोडं अडतं ते वळण्यापाशी.

परवाचा सराव घ्या. दाट धुकं. समोर किंचित डावीकडे आठ सागरी मैलांवर जहाज. सीपीए, म्हणजे जहाजं एकमेकांच्या सर्वांत जवळ येतील ते अंतर, पाव मैलाच्या आत; टीसीपीए, म्हणजे तिथवर पोचायला उरलेला वेळ, अठरा मिनिटं. पाचअंशेने नियम मनात म्हटले, स्टारबोर्डला, म्हणजे उजवीकडे, वळायचं हेही बरोबर ठरवलं, आणि वळला पाच अंश. थांबला. कोणी रागावलं नाही असं पाहून आणखी पाच. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेला माणूस आत सरकतो, तसा.

पलीकडच्या खोलीत बसून बाकीची जहाजं चालवणाऱ्या कॅप्टनसाहेबांचा फोन आला. “वळलास का रे?”

“हो सर. थोडासा.”

“कुणाला कळलं?”

“मला.”

टक्कर झाली. सिम्युलेटर असल्याने भिजलं कोणी नाही.

भीड ही भिकेची बहीण, पण समुद्रावर ती त्याहून वाईट घराण्यातली. १९७२च्या टक्करप्रतिबंधक नियमांतला आठवा नियम बजावतो: वळण समोरच्याला रडारवरही चटकन दिसेल एवढं मोठं हवं, तुकड्यातुकड्यांनी नको. पाच अंश समोरच्याच्या प्लॉटिंगमधल्या चूकभुलीत जिरून जातात. धुक्यात तर ‘आधी तुम्ही’ ही सोयच नाही: एरवी बहुतेकदा दोघांतल्या एकाने वाट द्यायची असते, इथे दोघांनीही वेळेत हालचाल करायची.

कॅप्टनसाहेबांनी ‘आन्द्रेआ डोरिया’ची गोष्ट सांगितली. २५ जुलै १९५६, नॅन्टकेटजवळचं धुकं. ‘स्टॉकहोम’ आणि ती, दोन्ही जहाजांना एकमेकं रडारवर दिसत होती. डोरियाच्या ब्रिजवर प्लॉटिंग झालंच नाही. अंतर वाढावं म्हणून कप्तानाने जहाज चार अंश डावीकडे घेतलं. स्टॉकहोम पुढे उजवीकडे वळलं. पन्नासावर माणसं गेली.

वर्ग सुन्न. पाचअंशे हळूच म्हणाला, “चार म्हणजे तसे कमीच.”

पुढच्या सरावात त्याने समोरच्या जहाजाशी बोलायला व्हीएचएफ रेडिओ उचलला. “आपली हरकत नसेल तर...” कॅप्टनसाहेबांनी तिथेच तोडलं. धुक्यात हाक घातली की ओ नेमकं कोणतं जहाज देतंय, कोणी सांगावं?

शेवटी त्यांनी त्याच्या भिडेलाच हात घातला. “समोरच्याला त्रास नको ना तुला? मग पाच-पाच अंश वळून दर वेळी त्याला नवं गणित कशाला घालतोस? एकदाच दणदणीत वळ. बिचारा चहा तरी पिईल.”

हे पटलं. पाचअंशेने सरळ चाळीस अंश स्टारबोर्ड घेतला. समोरचं जहाज दोन मैलांवरून सुखरूप गेलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या, तो लाजला.

मूळ कोर्सवर परत यायला मात्र तयार होईना. अंतर नऊ मैल झालं, तसा कॅप्टनसाहेबांचा फोन वाजला.

“अरे, आता कशाची वाट बघतोयस?”

“जाऊ दे त्यांना नीट, सर. आपल्याला कुठे घाई आहे?”