अभ्यासक्रमा, तोंड उघड!

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमा,

'मा.' आणि 'महोदय' कमवावे लागतात, म्हणून नुसत्या नावानेच हाक मारतो.

2019 साली तू क्षमताधिष्ठित झालास. कॅन्सर तुझ्यात आहे, मान्य. पण पॅथॉलॉजीत स्लाइड, सर्जरीत गाठ, स्त्रीरोगात गर्भाशयमुख, ईएनटीत घसा! एका माणसाच्या एका आजाराची तू विभागवार वाटणी केलीस आणि अख्खा माणूस कुणाच्याच वाट्याला ठेवला नाहीस.

जरा आदिलाबादला ये. इथे 2008 पासून रिम्स हे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तामसी, बेला, उटनूरकडची माणसं मराठी, तेलुगू, गोंडीत दुखणं सांगतात. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळला जातो. तिखट सोसेना म्हणून आलेल्याच्या तोंडात त्याचीच तीन उभी बोटं जात नसतील, तर सबम्युकस फायब्रोसिसची शंका घ्यायची. ही कॅन्सरच्या आधीची पायरी. टॉर्च धरायची, ग्लोव्ह घालून गालाच्या आतून बोट फिरवायचं, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा बघायची, मानेतल्या गाठी चाचपायच्या. काम दोन-चार मिनिटांचं. 2016 च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेत तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन, गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी सांगितली आहे. मग कॅन्सरचं वर्गीकरण घोकून पास झालेल्याचा हात या तपासणीला बसला आहे का, हे तू कधी विचारणार?

तोंडातला चट्टा नजरेतून सुटला की पुढे हैदराबादचं एमएनजे कॅन्सर रुग्णालय सुमारे 300 किलोमीटर, नागपूर सुमारे 200. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून किती फेऱ्या मारायच्या? उपचार अर्ध्यावर सोडलेला माणूस गावाजवळच्या एमबीबीएस डॉक्टरकडेच येतो, कण्हत. 2014 मध्ये संसदेने अमली पदार्थांचा कायदा बदलून वेदनाशामक मॉर्फिनची वाट सोपी केली. ती गोळी, तिचा डोस आणि सोबत बद्धकोष्ठाचं औषध लिहिताना नव्या डॉक्टरचा हात थरथरतो, त्याचा जाब तुलाच द्यावा लागेल.

आता शिक्षा ऐक. प्रत्येक विद्यार्थ्याला कॅन्सरचा एक रुग्ण नेमून दे. बायोप्सीपासून किरणोपचारापर्यंत आणि पुढे घरच्या खाटेपर्यंत त्याने त्या रुग्णाचा पाठपुरावा करावा. निदान रुग्णाच्या भाषेत कसं सांगतात, हे वरिष्ठांजवळ उभं राहून शिकावं. तपासलेल्या पन्नास तोंडांची वही इंटर्नशिपआधी माग. वही कोरी असेल तर नापास कर. नापास करणं तुला उत्तम जमतं. एकदा रुग्णाच्या बाजूने करून दाखव.

– आदिलाबादचा एक डॉक्टर